हा परिच्छेद काढला तर?

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या रीडिंगमध्ये सगळ्यात जास्त शिव्या खातो तो ‘ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन’. पण मार्क जातात ते मॅचिंगमध्ये. सराव परीक्षांचे पेपर तपासताना मला हे वर्षानुवर्षं दिसत आलं आहे. रिकाम्या जागा बऱ्यापैकी भरलेल्या असतात, ट्रू-फॉल्समध्ये दोन-तीन इकडेतिकडे होतात, आणि मॅचिंगचा संच आला की लाल पेनाची एक सरळ रांग लागते. सहापैकी एक बरोबर, सातपैकी दोन बरोबर. बरं, पोरांना इंग्रजी येत नाही असंही नसतं. त्याच उताऱ्यावरच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं त्यांनीच नीट दिलेली असतात.

नागपुरात धरमपेठेत मी हे वाचन शिकवते. समोर बसणारी मंडळी एका साच्यातली नसतात. इंजिनिअरिंग उरकून आयर्लंडला एमएस करायला निघालेली पोरं असतात, मेडिकल किंवा मेयो हॉस्पिटलात नाइट करून तसंच रिक्षाने वर्गाला येणाऱ्या सिस्टर असतात, कॅनडाच्या पीआरसाठी धडपडणारी नवरा-बायकोची जोडी असते. आणि यवतमाळ, गोंदिया, भंडाऱ्याहून येऊन खोली करून राहिलेली मुलं असतात, ज्यांच्या डोक्यात समाजकल्याणची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती असते. दीक्षाभूमीच्या या शहरात १९१३ साली कोलंबियाला गेलेल्या बाबासाहेबांचं नाव घेऊन परदेशी विद्यापीठाचा फॉर्म भरणारं पोर दर बॅचला असतंच.

सगळ्यांचं गणित मात्र ठरलेलं असतं. ६० मिनिटं, ४० प्रश्न, ॲकॅडमिकला तीन मोठे उतारे. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी हवी असेल तर वाचनात ७ बँड लागतो, म्हणजे ४० पैकी साधारण ३० बरोबर यायला हवेत. पीआरवाल्यांचा जनरल ट्रेनिंगचा पेपर भाषेने सोपा, पण तिथे त्याच ७ साठी ३४च्या आसपास लागतात. अशा हिशेबात मॅचिंगचे दोन संच बिघडले की सात गेला आणि सहावर समाधान मानायची पाळी आली.

मॅचिंगचे चार प्रकार असतात. पहिल्यात प्रत्येक परिच्छेदाला यादीतलं शीर्षक द्यायचं. दुसऱ्यात एखादी माहिती कोणत्या परिच्छेदात आहे ते सांगायचं. तिसऱ्यात कोणतं मत कोणत्या संशोधकाचं किंवा कोणती गोष्ट कोणत्या देशाची ते जुळवायचं. आणि चौथ्यात अर्ध्या वाक्याला योग्य शेवट जोडायचा. यातले पहिले दोन माणसाला रडवतात. उरलेल्या दोघांचं थोडक्यात भागतं.

आपल्याकडच्या प्रत्येकाने शाळेत जोड्या लावलेल्या असतात. ‘अ’ गट, ‘ब’ गट, मध्ये रेघा. धडा पाठ असला की दोन जोड्या डोळे मिटून लागतात, तिसरी अंदाजाने लागते आणि चौथी उरलेली म्हणून फुकट मिळते. ही सवय घेऊन मुलं इथे येतात आणि पहिल्याच दिवशी तोंडावर आपटतात. कारण इथे परिच्छेद सहा असतील तर शीर्षकं आठ-नऊ असतात. फुकटची शेवटची जोडी नाही. उलट एक चुकीचं शीर्षक एका परिच्छेदाला दिलं की ते ज्याचं होतं त्याचाही बळी जातो, त्यामुळे चूक एकटी येत नाही, जोडीने येते. माहिती शोधायच्या प्रकारात तर एकच परिच्छेद दोनदा उत्तर म्हणून येऊ शकतो आणि एखादा एकदाही येत नाही. तशी सूचना प्रश्नाच्या वर दिलेली असते, पण घाईत ती कुणी वाचत नाही.

शाळेतून आलेली दुसरी सवय याहून घातक आहे. ती म्हणजे प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि तो सापडला की त्याच्या आजूबाजूचं वाक्य उतरवायचं. दहावी-बारावीपर्यंत या सवयीवर चांगले मार्क मिळतात, म्हणून ती सुटता सुटत नाही. मॅचिंग रचणाऱ्यांना ही सवय पक्की माहीत असते. ते चुकीच्या शीर्षकात परिच्छेदातलाच शब्द घालतात आणि बरोबर शीर्षकात त्यातला एकही शब्द येऊ देत नाहीत.

हे समजावून सांगून उपयोग होत नाही, ठेच लागावी लागते. त्यासाठी मी संत्र्यावर एक सरावाचा उतारा इंग्रजीत लिहून ठेवला आहे. नागपुरात बसून मधमाश्यांवर आणि रोमन काचेवर किती वाचायचं! त्यातला एक परिच्छेद असा आहे. डिसेंबरात बागेचं पाणी तोडतात. हलक्या जमिनीत झाडाला ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत वेळ लागतो. पानं मलूल होतात, थोडी गळतात. मग जानेवारीत पुन्हा पाणी सोडलं की झाड फुलावर येतं. हा आंबिया बहार. मृग बहारासाठी हाच ताण उन्हाळ्यात देतात, फुलं पावसाबरोबर येतात आणि फळ फेब्रुवारी-मार्चात हाती येतं. खाली शीर्षकं दिली आहेत: विदर्भातली पाणीटंचाई, काळ्या जमिनीचे गुणदोष, पीक कधी यावं हे ठरवण्याची पद्धत, संत्र्यावरचे रोग.

वर्गात बहुतेकांचा हात पाणीटंचाईवर जातो. ‘पाणी’ हा शब्द त्या परिच्छेदात दोनदा आला आहे, ‘पीक’ एकदाही नाही. काही हुशार मुलं काळी जमीन निवडतात. एका बॅचमध्ये काटोलकडचा मुलगा होता, घरची बाग असलेला. तो मागच्या बाकावरून हसला. “मॅडम, पाणी कमी आहे म्हणून नाही तोडत जी आपण. फूल यावं म्हणून तोडतो.” बस, उत्तर आलं. पाणी तोडणं हे त्या परिच्छेदात साधन आहे, बहाराची वेळ ठरवणं हा मुद्दा आहे, आणि शीर्षक मुद्द्याला द्यायचं असतं.

पण त्याच मुलाने पुढच्या परिच्छेदात मार खाल्ला. तिथे लिहिलं होतं की आंबियाचं फळ भर उन्हाळ्यात झाडावर जपावं लागतं, म्हणून ज्याच्या विहिरीला एप्रिल-मेमध्ये पाणी टिकतं तो आंबिया घेतो आणि ज्याची विहीर आटते तो मृगाकडे वळतो. याचं शीर्षक पाण्यावर अवलंबून असलेली निवड असं होतं. पठ्ठ्याने बाजारभावाचं शीर्षक दिलं. “काऊन रे?” म्हटलं, तर म्हणतो, “आमच्याकडे भावावरूनच ठरते ना मॅडम.” असेलही. पण उताऱ्यात भावाचं अक्षर नव्हतं. आपल्याला विषय माहीत असला की आपण उतारा वाचत नाही, आपलं घर वाचतो.

ही परीक्षा १९८९ साली सुरू झाली तेव्हा वाचनाचे पेपर विषयांच्या गटांनुसार वेगळे असत. विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना वेगळा, वैद्यकवाल्यांना वेगळा, वाणिज्य आणि सामाजिक शास्त्रवाल्यांना वेगळा. १९९५ च्या फेरबदलात ते गेलं आणि ॲकॅडमिकसाठी सगळ्यांना एकच पेपर आला. तेव्हापासून सिस्टरला प्रवाळाच्या भिंतींवरचा उतारा येतो आणि सिव्हिल इंजिनिअरला लहान मुलांच्या स्मरणशक्तीवरचा. मुलांना हा अन्याय वाटतो. मला वाटत नाही. विषयाची माहिती नसलेला माणूस निदान समोर लिहिलेलं तरी वाचतो.

म्हणून मी वर्गात एकच प्रश्न धरून बसले आहे: हा परिच्छेद काढून टाकला तर लेखात काय कमी पडेल? “काय लिहिलं आहे” असं विचारलं की मुलं वाक्यं भाषांतर करून सांगतात. “कशाबद्दल आहे” असं विचारलं की एक शब्द देतात: पाणी. पण काढला तर काय बिघडेल, असं विचारलं की थांबतात. मग कुणीतरी म्हणतं, “काढला तर संत्री वर्षातून दोनदा कशी येतात ते कळणार नाही.” हेच तर शीर्षक आहे. आता यादीत या अर्थाच्या जवळचं कोण, तेवढंच बघायचं.

आणि हे उत्तर मी मराठीतच मागते. यावरून माझे इतर क्लासवाल्यांशी मतभेद आहेत. बहुतेक ठिकाणी भिंतीवर पाटी असते, इंग्रजीत विचार करा. बोलण्याच्या परीक्षेसाठी ते ठीक आहे. वाचनात मात्र इंग्रजीत सारांश काढायला लावला की मुलं उताऱ्यातलेच शब्द उचलून पुन्हा मांडतात आणि समजल्याचं समाधान मानतात. मराठीत सांगायचं म्हटलं की ती पळवाट बंद होते. उताऱ्यातले शब्द हाताशी नसतात, त्यामुळे अर्थ सापडल्याशिवाय वाक्य पूर्णच होत नाही. कुणी वऱ्हाडीत सांगतं, गोंदियाकडचं पोर हिंदी मिसळून सांगतं, काही हरकत नाही. शेवटी उत्तरपत्रिकेवर एक रोमन आकडाच लिहायचा आहे, तो कोणत्या भाषेत सुचला हे तपासणारा विचारत नाही.

सगळीकडे एक युक्ती सांगतात, परिच्छेदाचं पहिलं आणि शेवटचं वाक्य वाचा, शीर्षक सापडेल. अर्ध्या वेळा सापडतंही. पण परीक्षेतले बरेच परिच्छेद पहिल्या वाक्यात लोकांचा जुना समज सांगतात आणि तिसऱ्या-चौथ्या वाक्यात ‘हाऊएव्हर’ म्हणत वळण घेतात. मुद्दा वळणानंतर असतो. शेवटचं वाक्य पुष्कळदा नुसतं उदाहरण असतं. युक्तीवर विसंबलेला माणूस जुना समज आणि उदाहरण एवढंच घेऊन बाहेर पडतो. मी सांगते, वळण कुठे आहे ते शोधा आणि त्याच्या पुढचं वाक्य सावकाश वाचा. बाकीच्यावरून नजर फिरली तरी चालेल.

माहिती कोणत्या परिच्छेदात आहे, हा प्रकार वेगळ्या तऱ्हेने छळतो. इथे प्रश्न उताऱ्याच्या क्रमाने येत नाहीत. पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘एफ’मध्ये आणि दुसऱ्याचं ‘ए’मध्ये असू शकतं. विधानंही अंधुक असतात: एका अपयशाचं कारण, दोन पद्धतींची तुलना, भविष्याबद्दलचा अंदाज. ते अपयश कसलं आणि पद्धती कोणत्या हे मुद्दाम सांगितलेलं नसतं. मुलं ‘अपयश’ शब्द शोधत सगळा उतारा पुन्हा पुन्हा चाळतात आणि पंधरा मिनिटं तिथेच जातात.

यावरचा सगळ्यात चांगला तोडगा मला एका सिस्टरनेच दाखवला. रात्रपाळी करून आलेली, वर्गात सगळ्यांत थकलेली, पण या प्रकारात तिचे क्वचितच चुकायचे. कसं जमतं विचारलं तर म्हणाली, “मॅडम, पेशंटच्या फाइलीत टीपीआर चार्ट वेगळा, डॉक्टरांच्या ऑर्डर वेगळ्या, इनटेक-आउटपुट वेगळं. ताप कधी आला बघायला कुणी अख्खी फाइल वाचते का? ज्या कागदाचं जे काम, तिथे जायचं.” ती पहिल्या वाचनातच प्रत्येक परिच्छेदाच्या कडेला एक शब्द लिहायची. कारण. तुलना. इतिहास. प्रयोग. टीका. पुढे काय. तुलना विचारली की तिला सात परिच्छेद नव्हे, दोनच बघायचे असत. तेव्हापासून वर्गातल्या प्रत्येक उताऱ्याच्या समासात असे शब्द दिसतात. संगणकावर परीक्षा देणारे उताऱ्यावर रंग ओढतात आणि टिपण जोडतात. पडद्यावर डावीकडे उतारा, उजवीकडे प्रश्न, आणि शीर्षकं माउसने उचलून जागेवर सोडायची. साधन बदललं, काम तेच. फक्त रंगाचा मोह आवरावा लागतो. काहींचा उतारा धुळवडीनंतरच्या सदऱ्यासारखा होतो आणि मग त्यातलं महत्त्वाचं काय ते त्यांनाही ओळखू येत नाही.

नावं जुळवायचा प्रकार त्यामानाने सोपा. नावं कॅपिटल अक्षरांनी सुरू होतात, नजरेत भरतात, आधी सगळी गोल करून घ्यायची. एकच काळजी, एखादा संशोधक उताऱ्यात दोन ठिकाणी येतो आणि विचारलेलं मत दुसऱ्या ठिकाणी असतं. शिवाय एक तज्ज्ञ दुसऱ्याचं म्हणणं सांगून ते खोडतो, तेव्हा खोडलेलं मत त्याच्याच नावावर मांडायची चूक होते. वाक्याच्या शेवटांचं तर वरदानच, तिथे प्रश्न उताऱ्याच्या क्रमाने येतात. व्याकरणाने दोन-तीन शेवट सहज बसतात, तेवढ्यावर भुलायचं नाही.

आणखी एक अडचण आहे, ती खास आपल्या भागातली म्हणावी लागेल. एमपीएससी करून कंटाळून इकडे वळलेली बरीच मुलं माझ्याकडे येतात. उतारा वाचायची त्यांची तयारी इतरांपेक्षा चांगली असते, सीसॅटने ती करून घेतलेली असते. पण तिथे चुकीच्या उत्तराला गुण कापतात, म्हणून खात्री नसेल तर सोडून द्यायचं हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं असतं. इथे गुण कापत नाहीत. कोरी जागा म्हणजे नक्की शून्य, अंदाज म्हणजे निदान शक्यता. हे सांगून, फळ्यावर लिहून, ओरडूनही पहिल्या काही पेपरांत त्यांच्या दोन-चार जागा कोऱ्याच येतात. एकाला विचारलं तर म्हणाला, “हात उचलत नाही मॅडम.” वर्षानुवर्षांची शिस्त अशी एका दिवसात मोडत नाही. शेवटी मी त्यांच्यासाठी नियम केला की घंटा व्हायला दोन मिनिटं उरली की उतारा बाजूला ठेवायचा, आणि मग वाचायचं काही नाही, फक्त कोऱ्या जागा भरायच्या. रीडिंगमध्ये उत्तरं उतरवायला वेगळा वेळ मिळत नाही, त्यामुळे ही दोन मिनिटं आधीच बाजूला काढावी लागतात.

आधी काय सोडवायचं, यावर मुलं भांडतात. माझं मत असं की शीर्षकं आधी, कारण ती सोडवताना आख्ख्या उताऱ्याचा नकाशा हाती येतो आणि पुढचे प्रश्न लवकर सुटतात. माहिती शोधायचा प्रकार सगळ्यात शेवटी, कारण तोवर बाकीच्या प्रश्नांनी उतारा दोनदा वाचून घेतलेला असतो. शीर्षकांत दोघांमध्ये अडकलात तर दोन्ही कडेला लिहून पुढे जा, पुढचे परिच्छेद बहुतेकदा त्यातलं एक घेऊन टाकतात. “मॅडम, दोन्ही बसून रायले ना!” ही आरोळी रोज येते. बसतात दोन्ही, पण एक परिच्छेदातल्या एका वाक्याला बसतं आणि दुसरं सगळ्या परिच्छेदाला. ज्याला चार वाक्यांनी मिळून आधार दिला आहे ते घ्यायचं.

ही परीक्षा म्हणजे ज्ञानाचं माप आहे असं मी कुणाला सांगत नाही. भरमसाट फी आहे, निकालाची मुदत दोन वर्षांची धरतात, आणि सात मिळाले म्हणजे माणूस परदेशात रमेल असंही नाही. पण मॅचिंगच्या प्रश्नाबद्दल माझ्या मनात आदर आहे. परदेशी शिकायला गेलेल्या मुलाला आठवड्याला शंभर-दोनशे पानं वाचून त्यातलं कशासाठी काय आहे ते सांगावं लागणार आहे. त्या कामाच्या जवळचा पेपरातला प्रश्न हाच आहे.

म्हणून नवीन बॅचचे पहिले काही दिवस मी इंग्रजी उतारा देतच नाही. लोकमत किंवा तरुण भारतचा अग्रलेख आणायला सांगते, त्याचे परिच्छेद सुटे करते आणि प्रत्येकाला मराठीत शीर्षक द्यायला लावते. इंग्रजी ‘हितवाद’ त्यानंतर. भंडाऱ्याहून आलेले एक वडील यावरून रागावले होते. इंग्रजीच्या क्लासची एवढी फी भरली आणि तुम्ही पोराला मराठी पेपर वाचायला लावता, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांनाच एक अग्रलेख दिला आणि मधला परिच्छेद काढला तर काय कमी पडेल ते विचारलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला, मुलाकडे पाहिलं, मग म्हणाले, “हे वाटते तेवढं सोपं नाही जी.” नाहीच. आणि जे त्यांना मराठीत दोनदा वाचावं लागलं, ते त्यांच्या मुलाला इंग्रजीत एका वाचनात करायचं होतं. त्यांनी पुढचा हप्ता भरला, आणि मुलाने दुसऱ्या दिवशी अग्रलेखाचं कात्रण न विसरता आणलं.